ज्याच्या हातची गोळी

६ जानेवारी

ही डायरी कंपनीने फुकट दिली. रोजच्या पानाखाली एक सुविचार छापलाय. त्यावर मी पट्टी चिकटवणार आहे. सकाळी सकाळी कोणी मला शहाणपण शिकवलेलं चालत नाही.

आज चाचणी सुरू झाली. घोडबंदर रोडच्या या हॉस्पिटलात मी बरीच वर्षं हेच काम करते. डॉक्टर नवी औषधं तपासतात. मी पेशंट गोळा करायचे, त्यांना समजावायचं, सह्या घ्यायच्या आणि नंतर फोन करकरून 'आता कसं वाटतंय' विचारायचं. मधुमेहाचं झालं, दम्याचं झालं. या वेळची गोळी दुखण्यावरची आहे. अफूच्या कुळातली नाही आणि हिची सवय लागत नाही म्हणतात. ज्यांचं जगणं जुन्या कडक गोळ्यांवर चाललंय त्यांना सोडवून हिच्यावर आणायचं.

डॉ. सलिल समजावत होते तेव्हा मी मान डोलावत होते, पण डोक्यात राजरत्न होता. माझा धाकटा भाऊ. तीन वर्षांपूर्वी डोंबिवलीच्या एमआयडीसीत प्रेस मशीनखाली त्याचा उजवा हात मनगटापासून गेला. जखम भरली, पण जो हात उरलाच नाही तो दुखायचा थांबला नाही. म्हणून गोळ्या सुरू झाल्या. आता दुखणं कुठे संपतं आणि गोळीची हाव कुठे सुरू होते, ते त्यालाही सांगता येत नाही. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या असतात. शहाडच्या घरात आम्ही तिघं. तो, मी आणि त्याची आठ वर्षांची पायल. तिची आई करोनात गेली. मागच्या महिन्यात राजा गॅसवर दूध ठेवून गुंगीत पडला. पायलने स्टुलावर चढून गॅस बंद केला आणि मला फोनवर म्हणाली, "आत्या, घाबरू नकोस, मी खिडकी पण उघडलीय."

त्या दिवसापासून त्याच्या गोळ्या मी ज्वारीच्या पिठाच्या डब्यात लपवते. हा माणूस परत मिळाला नाही तर बाप घरात असून पोर बापाविना वाढेल. मला ही गोळी लागू पडायलाच हवी.

१० जानेवारी

पेशंट आला की आमचा पहिला प्रश्न ठरलेला, "सोबत कोण आलंय?" आपल्याकडे एकट्याने दवाखान्यात जायची पद्धतच नाही. आजारी एक आणि बाकावर तीन.

आज विठ्ठलवाडीचे महिपतकाका एकटेच आले. सत्तरीचे. बायको गेली, मुलगा दुबईला. डाव्या खुब्याचं हाड सडलंय, हृदयाला ऑपरेशन झेपणार नाही. मी विचारलं, "काका, दुखतं कसं?"

"कसा सांगू तुला बाय. खुब्यात कोन तरी खुरपा फिरवतंय. मंग टाचेपरत तार तापते."

आमच्या फॉर्मवर शून्य ते दहा असे आकडे असतात. मी दहा लिहिलं. खुरपं लिहायला जागा नव्हती.

सोबतीच्या रकान्यात शेजाऱ्याचं नाव घातलं.

१८ जानेवारी

गोळी भलतीच लहरी निघाली. डोंबिवलीच्या रंगूबाई, मणक्याचा कॅन्सर, पाटीसारख्या ताठ बसून सुनेला भाजी कशी निवडायची ते शिकवतायत. आणि महिपतकाकांना काडीचा फरक नाही. कल्याणच्या एका रिटायर मास्तरांनाही नाही. डॉ. सलिल दिवसभर कपाळाला हात लावून बसले होते.

मी घरी येताना फोनवरचं सगळं आठवत होते. ज्यांना गुण आलाय ते कोण आणि ज्यांना नाही ते कोण? मग ध्यानात आलं. एकटे राहणारे सगळे कोरडे. रंगूबाईंना सून प्राची गोळी भरवते. बाकीच्यांना बायको देते, नवरा देतो, लेक देते.

याला आमची आई हातगुण म्हणायची. एकाच्या हातचं औषध लागतं, दुसऱ्याच्या हातचं लागत नाही. मी एवढी शिकलेली, पण हसायला आलं नाही.

१९ जानेवारी

संध्याकाळी वाट वाकडी करून विठ्ठलवाडीला उतरले. महिपतकाकांनी गोळी स्वतःच घ्यायला पट्टी उचलली. मी म्हटलं, "थांबा, आज माझ्या हातची घ्या."

ते हसले. "तुझे हाताला गुन हाय का बाय?"

"बघू या की."

गोळी त्यांच्या तळव्यावर ठेवली, पाणी दिलं. घरात मांजर होतं, माझ्या पायाशी बसलेलं. ते एकदम उठून बाहेर गेलं.

२० जानेवारी

सकाळी काकांचा फोन. "बाय, मी बाजारात उभा हाय. कोलंबी घेतंय!"

मी ऑफिसात सगळ्यांना पेढे वाटले. डॉ. सलिलना हातगुणाची गोष्ट सांगितली. ते पुण्याचे, असल्या गोष्टींवर भुवई उडवतात, पण आकडे समोर ठेवल्यावर ते त्यांनी दोनदा तपासले. म्हणाले, "याला आपण सोबतीचा परिणाम म्हणू. माणूस जवळ असला की मेंदू शांत होतो. नीला, हे तुझं निरीक्षण फार मोलाचं आहे." आता रोज संध्याकाळी काकांकडे जाणार, घर वाटेवरच आहे म्हणायचं.

बसमध्ये कापूरबावडीला तासभर अडकले. सीट मोडकी. डावी बाजू आखडली आहे.

२९ जानेवारी

राजाला चाचणीत घेतलं. माझा भाऊ म्हणून त्याची फाइल डॉक्टर स्वतः बघणार, मी हात लावायचा नाही, हे बरोबरच आहे. पण गुण नाही. त्याची गोळीची वेळ सकाळी दहाची आणि मी सातच्या आत घर सोडते. एका हाताने पट्टी फोडता येत नाही म्हणून तो दातांनी फाडतो. मी विचारलं, "दुखतंय तरी कसं नेमकं?" तर नेहमीसारखं भिंतीकडे तोंड. "दुखतंय ना ताई. बस."

तीन वर्षांत त्याने एवढंच सांगितलंय.

३ फेब्रुवारी

माझ्यासारखी मूर्ख मीच. दुनियेला हातगुण शिकवते आणि घरात विसरते. पायलची शाळा दुपारची आहे, म्हणजे दहा वाजता ती घरीच असते. तिला जवळ घेऊन शिकवलं, पट्टी अशी दाबायची, गोळी बाबांच्या डाव्या तळव्यावर ठेवायची, वर पाणी द्यायचं.

"मी डॉक्टर?" तिने विचारलं.

"तू डॉक्टर. आणि विसरायचं नाही हां."

"मी कशाला विसरू?" केवढ्या तोऱ्यात म्हणाली.

५ फेब्रुवारी

घरी आले तर राजाने खिचडी केली होती. एका हाताने कांदा कसा चिरला देव जाणे. त्याचे डोळे मी कितीतरी दिवसांनी नीट बघितले, काळेभोर मोठे. म्हणाला, "ताई, गेलंय. सगळंच गेलंय. आणि ते दुसरं, ते हवं हवं वाटणं, ते पण गेलं." मग तो रडला आणि मीही रडले. पायल मात्र गाल फुगवून बसली होती, खिचडीत शेंगदाणे नव्हते म्हणून. उजवा हात मांडीखाली दाबून धरलेला.

माझा भाऊ मला परत मिळाला.

९ फेब्रुवारी

रविवार. राजा पायलला घेऊन विहारात गेला. तीन वर्षांत पहिल्यांदा. परतताना नदीकडे फिरून आले. मी जाणार होते, पण पायाने दगा दिला. बसचं दुखणं अंगात मुरलंय. खुब्यात कोणी खुरपं फिरवतंय आणि मग टाचेपर्यंत तार तापते. वय झालं म्हणायचं का? एक्केचाळीसला?

११ फेब्रुवारी

पायलच्या बाईंनी बोलावलं. वही दाखवली. अक्षर कुत्र्यामांजराचं, कारण बाईसाहेब डाव्या हाताने लिहायला लागल्यात. मला हसू आवरेना. बाप डावखुरा झाला म्हणून लेक नक्कल करते. बाई म्हणाल्या, "जेवतेही डाव्या हाताने. आणि चित्रकलेचं हे बघा." हाताभोवती पेन्सिल फिरवून आकृती काढायची होती. डाव्या हाताची आकृती पायलची, इवलीशी. उजव्याची भली मोठी, जाड बोटांची, मूठ वळलेली.

"बाबांचा काढलास का गं?" मी घरी विचारलं.

"नाही. माझाच."

किती जीव आहे तिचा बापावर. ते पान मी फ्रिजवर लावलं.

१४ फेब्रुवारी

आज ओपीडीत गंमत झाली. दारातून बघितलं तर पेशंट कोण आणि सोबतीचा कोण ते कळेना. रंगूबाई तुरुतुरु चालत आल्या आणि मागून प्राची भिंत धरत धरत, कमरेत वाकलेली. वॉर्डबॉयने व्हीलचेअर आणली ती सरळ प्राचीसमोर. रंगूबाई खदखदून हसल्या. "अरे, आजारी मी आहे!"

प्राची हसली नाही. मला बाजूला घेऊन म्हणाली, "मॅडम, त्या जुन्या स्ट्राँगवाल्या गोळ्या थोड्या मिळतील का? असू देत घरात. सासूबाईंसाठी."

"अगं, त्यांची तर बंद झाली."

"हो, पण असू देत ना." तिने माझा हात घट्ट धरला होता. मी नाही म्हटलं. सेवा करणारी माणसंच आधी मोडतात, मी नेहमी बघते. तिला विश्रांती घ्यायला सांगितलं.

१६ फेब्रुवारी

पाय असह्य. साध्या गोळ्यांनी काही होत नाही. पिठाच्या डब्यात राजाच्या जुन्या पट्ट्या तशाच पडून आहेत. अर्धी घेतली. एकदाच. झोप अशी लागली की कोणी कापसात ठेवलंय.

२० फेब्रुवारी

डॉ. सलिलनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. माझी सूचना कंपनीला पटली. देशभरातल्या सगळ्या सेंटरांना कळवलंय, गोळी पेशंटने स्वतः घ्यायची नाही, घरच्या जवळच्या माणसाने हाताने द्यायची. माहितीपत्रक निघतंय. त्यावरच्या चित्रात लहान हात मोठ्या हातावर गोळी ठेवतोय. मीच सुचवलं.

पायलच्या उजव्या तळव्यात अर्धचंद्रासारख्या खुणा दिसल्या, अंगठ्याच्या नखाच्या. झोपेतसुद्धा मूठ वळलेली असते, अंगठा आत. मी तिची नखं कापली. बोटं उघडताना ती झोपेत कण्हली, एवढ्याशा गळ्यातून एवढा जाड आवाज.

डब्यातली आज पण अर्धी. काम तर करायला हवं ना.

२५ फेब्रुवारी

महिपतकाका गेले. हृदय बंद पडलं, दुपारच्या झोपेत. शेजारी म्हणाला, "हसत होते ताई, खरंच."

मी गेले तेव्हा त्यांना बाहेर काढलं होतं. चेहरा लहान मुलासारखा. मांजर मला बघून माळ्यावर चढलं. मुलाला दुबईला व्हिडिओ लावून दिला. स्मशानात बायका जात नाहीत इकडे, पण मी रस्त्याच्या वळणापर्यंत गेले. आयुष्यभराचं दुखणं संपलं, चांगलं झालं, असं सगळे म्हणत होते. मीही म्हटलं.

आणि त्याच वेळी खुब्यात असं काही फिरलं की मी रस्त्यात खाली बसले.

२७ फेब्रुवारी

काल रजा घेतली. पडून होते आणि मागची पानं चाळत होते. काकांचं वाक्य मी दहा जानेवारीला लिहिलंय. नऊ फेब्रुवारीला तेच मी माझ्या पायाबद्दल लिहिलंय. शब्दाला शब्द. तेव्हा मला कळलंसुद्धा नाही.

माझी डावी बाजू आखडली ती काकांना गोळी दिल्याच्या दुसऱ्या दिवशी. ते कोलंबी घेत उभे होते तेव्हा.

म्हणजे गोळीने दुखणं घालवलंच नाही. उचलून माझ्याकडे ठेवलं. आणि आता ज्याचं होतं तो माणूस नाही. परत कोणाला करायचं?

छे, मी दमलेय. डोक्याने चालत नाही. कोणी ऐकलं तर वेड्यात काढतील.

पण प्राची कमरेत वाकलीय. रंगूबाई ताठ आहेत.

२८ फेब्रुवारी

काल पुढचं लिहायचं टाळलं. आता लिहिते. पायल.

आज मुद्दाम उशिरा निघाले. दहाला ती पट्टी घेऊन आली. डाव्या हाताने दाबली, गोळी बापाच्या तळव्यावर ठेवली. राजाने घोट घेतला, तिच्या डोक्यावरून हात फिरवला. ती वळली तेव्हा तिचा चेहरा मला दिसला, त्याला नाही. ओठ दातांत धरलेला. मोठ्या बायका बाळंतपणात धरतात तसा.

मी तिला स्वयंपाकघरात नेलं. "पायल, हात दुखतो?"

"माझा नाही."

"मग कोणाचा?"

"बाबांचा. तो माझ्याकडे आहे ना. तो सोडतच नाही अंगठा." मग घाईघाईने, "तू बाबांना सांगू नकोस हां. ते रडत नाहीत आता."

मी तिला पोटाशी धरलं. मला शिव्या द्यायच्या होत्या, कोणाला ते कळेना. तू डॉक्टर, मीच म्हटलं होतं.

१ मार्च

राजाला काही सांगितलं नाही. फक्त म्हटलं, आजपासून गोळी मी देणार, सुट्टी टाकलीय. पायल माझ्याकडे बघत राहिली. मी गोळी त्याच्या तळव्यावर ठेवली.

अकराच्या सुमारास पायल अंगणात दोरीवरच्या उड्या मारत होती, दोन्ही हातांनी. आणि माझी उजवी मूठ मिटली.

३ मार्च

हे डाव्या हाताने लिहितेय. माझ्या हाताच्या आत दुसरा हात आहे, माझ्यापेक्षा मोठा, बोटं जाड. तो मिटलाय. अंगठा तळव्यात घुसतोय, आणि घुसायची जागा संपली तरी घुसतच राहतो. माझा हात उघडून बघितला तर उघडतो. आतला उघडत नाही. त्याला कोणी सांगितलेलंच नाही की प्रेस वर गेलीय.

हे राजाने तीन वर्षं सोसलं. हे पायलने महिनाभर सोसलं आणि शेंगदाण्यांवरून रुसली.

खुबा आहेच. डब्यातली एक अख्खी. मग आणखी एक. पीठ हाताला लागतं, गोळी लवकर लागत नाही. पायल विचारत होती, आत्या, तू पिठात काय शोधतेस?

५ मार्च

राजाने पकडलं. मी डब्यात हात घालून उभी होते आणि तो दारात. मला वाटलं गोळ्यांवरून बोलेल. तो माझ्या उजव्या हाताकडे बघत होता. मी तो पोटाशी धरला होता, डाव्याने मनगट आवळून.

"अंगठा आत घुसलाय ना?" तो हळूच म्हणाला. "आणि करंगळी उलटी वळतेय."

मी मनगट आणखी आवळलं.

"ताई, हे मी कोणाला सांगितलेलं नाही. डॉक्टरला पण नाही. तुला कसं माहीत?"

मग सगळं सांगितलं. काकांचं, प्राचीचं. पायलचं सांगायला जीभ उचलेना, पण सांगितलं. तो खाली बसला. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे, त्याच्याकडे बघत राहिला बराच वेळ. मग उठला आणि नव्या गोळ्यांच्या पट्ट्या माझ्या पुढ्यात आणून ठेवल्या.

"दे परत. माझं आहे ते."

"राजा, तुला झेपणार नाही. तू परत त्या गोळ्यांवर जाशील."

"जाईन नाहीतर नाही जाणार. पण माझ्या पोरीच्या हातात माझा हात नको. आणि तुझ्या पण नको. मी उद्या मेलो तर? तो म्हातारा गेला तसा? मग काय, जन्मभर सांभाळणार तुम्ही?"

६ मार्च

त्याने गोळी घेतली नाही. दुपारी माझी बोटं एकेक करून सुटली. पहिलं पाऊल टाकलेल्या बाळाकडे बघावं तशी मी माझ्या हाताकडे बघत होते. आणि आतल्या खोलीतून त्याचा आवाज आला. तोंडात उशी कोंबली होती, तरी आला.

पायल दाराबाहेर उकिडवी बसली होती. तिला सगळं नीट समजावलं. म्हटलं, बाबांचं बाबांकडेच राहायला हवं. हे असं घेऊन ठेवायचं नसतं. तिने मान हलवली. विचारलं, "मग ते रडणार का आता रोज?"

मी म्हटलं, मी डॉक्टरांना सांगते, ते काहीतरी करतील. काय करतील ते मला तरी कुठे माहीत होतं?

७ मार्च

सकाळीच घोडबंदरला गेले. डॉ. सलिलना पहिल्यापासून सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मध्ये तोडलं नाही. म्हटलं, ते पत्रक थांबवा, लहान हाताचं चित्र थांबवा, आजच्या आज. प्रत्येक घरी फोन करून विचारा की गोळी कोण देतं आणि त्याला कुठे दुखतं.

"नीला, सोबतीच्या माणसांना आपण काही विचारलेलंच नाही हे खरं. तेवढं मी बघतो." मग त्यांनी खिशातून टॉर्च काढला आणि माझ्या डोळ्यांत मारला. एकात, मग दुसऱ्यात. "तू काय घेतेस?"

"काही नाही."

"बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्यात तुझ्या."

मी पायाबद्दल सांगितलं. काकांचा पाय आहे, म्हटलं. त्यांच्या चेहऱ्यावर दया आली, आणि तिथेच मी हरले हे मला कळलं. गोळ्यांवरच्या माणसाच्या बोलण्याकडे आपण कसं बघतो ते माझ्याइतकं कोणाला माहीत? राजाकडे मी तीन वर्षं तसंच बघितलं. त्यांनी महिनाभराची रजा लिहून दिली, ओळखीच्या मानसोपचारतज्ज्ञांचा नंबर दिला. बाहेर प्राची बाकावर पालथी पडली होती. रंगूबाई तिला वारा घालत होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बघा ना, आजकालच्या पोरींत दमच नाही."

मी त्यांच्याजवळ बसले. गोळी सुनेच्या हातची घेऊ नका म्हणून सांगितलं, पुन्हा पुन्हा. त्या लगेच म्हणाल्या, "का हो? तिच्या हाताला तर गुण आहे."

शहाडला पोचेपर्यंत दिवेलागण झाली. रिक्षातून उतरताना पाय टेकवेना. दारातच कान टवकारले, आतून राजाचं कण्हणं येईल म्हणून. काही नाही. घर गप्प. मला वाटलं तो बाहेर गेला, मेडिकलात गेला, संपलं सगळं. डब्याचा विचार मनात आला. त्याच्यासाठी आला की माझ्यासाठी, आता ते विचारायला नको.

खोलीत राजा झोपला होता. तोंड उघडं, श्वास संथ, कपाळावर आठी नाही. उशाशी चहाचा रिकामा कप. कपाच्या तळाशी पांढरा गाळ.

स्वयंपाकघरात पायल पाटावर बसून वरणभात जेवत होती, डाव्या हाताने. दप्तर शेजारी उघडं पडलेलं, त्यातून पट्टीचा चंदेरी कोपरा दिसत होता. उजवी मूठ मांडीवर मिटलेली, अंगठा आत. तिने माझ्याकडे बघितलं आणि डाव्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं.

"आत्या, ओरडू नकोस. बाबा झोपलेत."

मी ओरडले नाही. तिच्यासमोर खाली बसले. खोटं लिहायला ही डायरी नाही, म्हणून लिहिते. तिची ती मूठ बघून माझ्या मनात सगळ्यात आधी आलं ते एवढंच, की बरं झालं, आज तो हात माझ्याकडे आला नाही.